पिशवी – 1

गेल्या शनिवारी मी सहा माणसांदेखत एका प्लॅस्टिकच्या पिशवीला पक्षी म्हणालो. बरं, चिमणी-साळुंकी म्हटलं असतं तर एक वेळ खपलं असतं. मी म्हणालो हूपिंग क्रेन. पाच फुटी, पांढराशुभ्र क्रौंच. 1941 साली हे पक्षी जगात जेमतेम वीस-बावीस उरले होते. आता टेक्सासहून वर कॅनडात जाणारा त्यांचा थवा पाचशेच्या पुढे गेलाय आणि वाटेत ते आमच्या सस्कॅचेवानात दाणा-पाण्याला उतरतात. म्हणून रिजायनाहून सकाळी सहाला निघून लास्ट माउंटन लेक गाठलं. 1887 सालचं पक्षी अभयारण्य, उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात जुनं. एप्रिल संपत आला तरी तळ्याच्या मध्यावर बर्फ तसाच. वारा असा की कान जागेवर आहेत की नाहीत, हात लावून बघावं लागत होतं.

शेतात सँडहिल क्रेन शेकड्यांनी गेल्या हंगामातला सांडलेला गहू टिपत होते. त्यांचा आवाज म्हणजे वंगण नसलेल्या बैलगाडीचं चाक. आणि त्यांच्या पलीकडे, काटेरी तारेच्या कुंपणाशी तो! पांढरा. वर लाल, कडेला काळं. मी ओरडलोच.

शेजारी दुर्बिणीचा तिकाटणा रोवून एक आजोबा उभे होते. त्यांनी थर्मास बॉनेटवर ठेवला, वही काढली, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं.

"मान दिसली?"

"दिसली."

"पाय?"

"गवतात आहेत."

"हलला?"

"पिसं हलली."

"पिसं की सगळाच?"

मी म्हणालो, सगळाच. आजोबांनी तेही लिहिलं. मग दोन मिनिटं दुर्बिणीला डोळा लावून गप्प. शेवटी अगदी हळू, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तसं म्हणाले, "ही आमच्या ओळखीची आहे. ऑक्टोबरपासून इथंच आहे. हिवाळाभर हलली नाही. स्थानिक असल्यामुळे वसंतातल्या यादीत धरत नाही आम्ही. सॉरी हं."

लाल होतं ते दुकानाचं नाव. काळं होतं ते खाली छापलेलं काहीतरी. पर्यावरण वाचवा असंही असेल, मला वाचायचं नव्हतं.

इथे पुण्याचा माणूस असता तर खो-खो हसला असता आणि विषय मिटला असता. ही माणसं हसत नाहीत. समजूत काढतात. एका बाईंनी येऊन सांगितलं की त्यांनी एकदा खांबाला घुबड म्हटलं होतं. दुसऱ्याने म्हणे बर्फाच्या ढेकळाला हंस म्हटलं होतं. एकेक जण येऊन आपली चूक ऐकवून जाई, आणि मी आपला मयताच्या घरच्यासारखा मान हलवत उभा. आमच्या भिगवणला नावाडी आधीच सांगतो, रोहित दिसणार म्हणजे दिसणार. लांबवर गुलाबी काही दिसलं की झालं. मान दिसली का, पाय दिसले का, कोण विचारतो तिथे?

पण खरी चीड मला वेगळ्याच गोष्टीची आली. पिशवी ऑक्टोबरपासून आहे हे सहाच्या सहा जणांना ठाऊक. तिच्याशी यांची ओळख. मग काढली का नाही कुणी? विचारलं तर आजोबा म्हणाले, कुंपणापलीकडे खासगी जमीन आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही. अहो, पण ती कुंपणावरच आहे ना? अलीकडून हात घातला की झालं! त्यावर आजोबांनी नुसतं माझ्या बुटांकडे पाहिलं.

ते का, हे चार पावलांत कळलं. इथल्या चिकणमातीला गंबो म्हणतात. पहिल्या पावलाला तळव्याला चिकटते, दुसऱ्याला त्या मातीला माती चिकटते. चौथ्या पावलाला मी तीन इंचांनी उंच झालो होतो आणि पाचव्याला डावा बूट मागेच राहिला. मोजा ओला. बायको गाडीतून म्हणाली, "चल आता, पुरे झाली शोभा." दोन वाजता निघालो.

रात्री आजोबांनी कबूल केल्याप्रमाणे दिवसाची यादी ईमेलने पाठवली. स्नो गूज, बाराशे. सँडहिल क्रेन, तीनशे चाळीस. मेडोलार्क, सहा. हूपिंग क्रेन, दोन; वेळ 2:40, कुंपणाजवळ.

सगळ्यात खाली: पिशवी – 1.