केमो-रेडिएशनमध्ये अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या? त्या मेसेजमध्ये काय चुकतंय

‘कॅन्सर फ्री रॅडिकल्समुळे होतो. ते धूर, प्रदूषण, तळलेले पदार्थ यांतून शरीरात शिरतात. अँटिऑक्सिडंट त्यांना संपवतात. व्हिटॅमिन ई, सी, बीटा-कॅरोटीन रोज घ्या. केमो-रेडिएशन चालू असेल तर दुप्पट घ्या.’ या आशयाचा मेसेज रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत हमखास पोचतो. फ्री रॅडिकल म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेले, शेजारच्यांवर तुटून पडणारे रेणू. त्यांनी इलेक्ट्रॉन ओढून घेतले (ऑक्सिडेशन) की डीएनए बिघडतो, एवढं त्यात बरोबर आहे. पुढचं बहुतेक चूक आहे, आणि शेवटचा सल्ला तर घातक ठरू शकतो.

‘बाहेरून शिरतात.’ तंबाखूचा धूर दोषी आहेच. पण कॅन्सरच्या पेशीत ऑक्सिडेशनचा मारा आतूनही होतो, पेशीच्याच एन्झाइमकडून. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया आणि एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं एक रॅडिकल) तयार करतात. एलएसडी-१ हे एन्झाइम तर थेट केंद्रकात, म्हणजे डीएनए असतो तिथेच, काम करतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरचा मिथाइल गट ते काढतं, आणि दर वेळी हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू सोडतं. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरपेशींमध्ये त्यामुळे डीएनएमधलं जवळचंच ग्वानिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, ‘जी’) ऑक्सिडाइझ होतं, हे २००८ साली दाखवलं गेलं. तळण बंद करून हे एन्झाइम थांबत नाही.

‘अँटिऑक्सिडंट त्यांना संपवतात.’ सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड स्वतः डीएनएचं फारसं वाकडं करत नाहीत. पेरॉक्साइडला केंद्रकात फेरस लोह भेटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतं. ते काही नॅनोमीटरच्या आतच समोर येईल त्याच्यावर तुटून पडतं. लोह डीएनएला चिकटलेलं असेल तर समोर डीएनएच असतो. पेशीच्या पटलात बसलेलं व्हिटॅमिन ई तिथे पोचणार कसं?

या माऱ्यातून ८-ऑक्सोग्वानिन, म्हणजे बिघडलेलं ग्वानिन, तयार होतं. डीएनएची कॉपी होताना त्याची जोडी सायटोसिनऐवजी (सी) बऱ्याचदा अॅडेनिनशी (ए) लागते, आणि शेवटी जी-सीच्या जागी टी-ए (थायमिन-अॅडेनिन) ही जोडी येते. याची खरी राखण दुरुस्ती करणारी एन्झाइम करतात: ओजीजी-१ बिघडलेलं ग्वानिन कापून काढतं, एमयूटीवायएच चुकून बसलेलं अॅडेनिन काढतं. आई आणि वडील दोघांकडूनही एमयूटीवायएचचा सदोष जीन आला, तर मोठ्या आतड्यात पॉलिप (छोटे कोंब) होतात आणि कॅन्सरचा धोका खूप वाढतो. ही उणीव गोळीने भरून निघत नाही.

‘रोज घ्या.’ हे माणसांवर तपासून झालंय. फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला (१९९४). अमेरिकेतल्या कॅरेट चाचणीत बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए एकत्र दिलं, तिथे वाढ २८ टक्के होती. चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. सिलेक्ट चाचणीत ४०० युनिट व्हिटॅमिन ईने प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला.

‘उपचार चालू असताना दुप्पट.’ सगळ्यात जास्त आक्षेप इथे आहे. एक्स-रेने डीएनएचं जे नुकसान होतं, त्यातलं सुमारे दोन तृतीयांश हायड्रॉक्सिल रॅडिकलमार्फत होतं. म्हणजे मेसेज ज्याला शत्रू म्हणतो, तेच इथे औषध आहे. कॅनडात डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांच्या चाचणीत रेडिएशनपासून पुढे रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं. गोळ्या चालू होत्या तोवर त्या गटात नवे, दुसरे कॅन्सर जास्त झाले.

ऑक्सिडेशन हेच औषध कसं ठरतं, ते बीटा-लॅपाकोन या प्रायोगिक औषधात तर उघड दिसतं. फुप्फुस आणि स्वादुपिंडाच्या अनेक गाठींमध्ये एनक्यूओ-१ हे एन्झाइम भरमसाट असतं. एरवी ते संरक्षकच आहे, क्विनोन नावाच्या अपायकारक रसायनांना निरुपद्रवी करतं. पण बीटा-लॅपाकोनचं त्याने बनवलेलं रूप टिकत नाही. ते ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा मूळ रूपात येतं, आणि एन्झाइम त्याला पुन्हा पकडतं. औषधाच्या एका रेणूमागे दोन मिनिटांत एनएडीपीएचचे (पेशीत इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूचे) साधारण ६० रेणू खर्ची पडतात, १२० सुपरऑक्साइड तयार होतात. त्यांचं पेरॉक्साइड होऊन डीएनए इतका तुटतो की दुरुस्तीला धावलेलं पार्प-१ हे एन्झाइम पेशीतलं एनएडी (ऊर्जा बनवायला लागणारा रेणू) संपवून टाकतं. मग एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घसरतं आणि पेशी मरते. डायकुमरॉल या रसायनाने एनक्यूओ-१ अडवलं की हीच पेशी वाचते. निरोगी पेशींत हे एन्झाइम कमी आणि पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेज जास्त, म्हणून त्या बऱ्याच तगतात. रक्तपेशींना मात्र त्रास होतोच: रुग्णांवरच्या चाचण्यांत अॅनिमिया हीच मुख्य अडचण ठरली. त्यामुळे ‘ऑक्सिडेशन वाढवणारं घरगुती औषध’ असा उलटा मेसेज आला, तर तोही मानू नका.

जेवणातली फळं-भाज्या बंद करायची गरज नाही. प्रश्न मोठ्या डोसच्या गोळ्या-पावडरींचा आहे. त्यांच्या बाटल्या ऑन्कोलॉजिस्टना दाखवा, लेबलवरचे मिलिग्रॅम आणि युनिट वाचू द्या. पण डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेली व्हिटॅमिन परस्पर बंद करू नका. पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधाच्या आधी आठवडाभर फॉलिक अॅसिड सुरू करतात आणि बी-१२चं इंजेक्शन देतात. ते चुकलं तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात.