खुलासा : 'कॅम्पबेल' म्हणजे 'सुंदर शेत' नव्हे

मागच्या आठवड्यात मी इथे लिहिलं होतं की कॅम्पबेल हे स्कॉटिश आडनाव 'काम्पो बेल्लो', म्हणजे सुंदर शेत, यावरून आलं आणि हे आडनाव लावणारे सगळे मूळचे नॉर्मन, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेले फ्रेंच बोलणारे लोक. ते चूक होतं. ती पोस्ट अजून फिरतेय, म्हणून हे लिहितोय.

१२६३च्या नोंदीत या घराण्यातल्या गिलेस्पी कॅम्पबेलचं नाव आहे, आणि त्यात आडनाव 'कॅमबेल' असं आहे. मध्ये 'प' नाही, आधी गावाचं नाव सांगणारा 'द' (म्हणजे 'अमुक गावचा') हाही नाही. 'द काम्पो बेल्लो' हे लॅटिन रूप नंतरच्या कागदांतलं. शिवाय 'सुंदर शेत' फ्रेंचमध्ये 'बोशाँ' होतं; तिथे विशेषण आधी येतं. अभ्यासक मानतात ती व्युत्पत्ती गेलिक, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडच्या जुन्या भाषेतली, आहे : 'काम' म्हणजे वाकडं, 'ब्येल' म्हणजे तोंड. कुणा पूर्वजाचं टोपणनाव. आपल्याकडे वाकडे, बोबडे ही आडनावं आहेतच की.

या घराण्याचं बळ स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आर्गाइलमध्ये, लॉख ऑ तलावाच्या काठी वाढलं. पण सगळे एकाच रक्ताचे नाहीत. त्यांची जमीन कसणाऱ्या कुळांनीही मालकाचं नाव घेतलं. आयर्लंडमधल्या टिरोन भागात 'मॅक काहव्हील' या वेगळ्याच गेलिक घराण्याचं नाव कॅम्पबेल झालं. जमैकात हे आडनाव खूप आढळतं, त्यामागे गुलामगिरी आहे. मळेवाल्यांची नावं गुलामांना चिकटली. हे मी आधी लिहिलंच नव्हतं, याचं जास्त वाईट वाटतं.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरवर जेम्स कॅम्पबेल हे संपादकाचं नाव वाचणाऱ्यांनी तरी जुनी पोस्ट पुढे पाठवू नये. पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.