प्रत्येक झटका पेट्रोलचा नसतो

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर दर पंधरवड्याला नव्याने उगवतो. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच. त्यातली विधानं पाच. मूठ पिळल्यावर बाईक झटके मारते, दम खाते, याचं एकमेव कारण म्हणजे इथेनॉलचं पेट्रोल. बाटलीत पेट्रोल आणि पाणी घालून हलवलं की पंपवाल्याची चोरी डोळ्यांनी दिसते. उपाय म्हणजे महागातलं पेट्रोल. ते परवडत नसेल तर एअर फिल्टर काढा आणि मेन जेट मोठा टाका. आणि इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीचं घरी काही तपासता येत नाही, सरळ इंजेक्टर बदला. परवा तो मामांनी टाकला आणि खाली मला लिहिलं, "तू गाड्या उघडतोस ना, मग सांग, खरं काय यातलं?" मामांना फोनवर जे अर्धा तास सांगितलं तेच इथे लिहितोय.

पहिल्या विधानात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. जून 2022 पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये सरासरी 10 टक्के इथेनॉल आलं, 2025 मध्ये ते 20 टक्क्यांवर गेलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून 10 वरून 20 टक्क्यांवर आलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज तीन-चार टक्के घसरणं हिशोबाला धरून आहे. लिटरला 50 देणारी गाडी 48 देईल. पण अ‍ॅव्हरेज कमी होणं वेगळं आणि गाडीने झटके मारणं वेगळं.

झटक्यांचा संबंध हवा-इंधनाच्या प्रमाणाशी. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9. म्हणजे 20 टक्क्यांच्या मिश्रणाला तेवढ्याच हवेसाठी थोडं जास्त इंधन हवं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपवरचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. जुन्या गाडीत हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर असतो, त्याला ते जमत नाही. जेट म्हणजे पितळेतलं ठरलेल्या मापाचं भोक, ते कुणाचं ऐकत नाही. त्यामुळे जुन्या गाडीचं मिश्रण चारेक टक्के लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. धडधाकट गाडी ते पचवते. पायलट जेट, म्हणजे मूठ जराशी उघडी असताना पेट्रोल देणारा छोटा जेट, आधीच अर्धा तुंबलेला असेल तर ती पचवत नाही. शिवाय इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं, ओलावा धरतं, आणि त्यासाठी न बनवलेलं जुनं रबर फुगवतं किंवा कडक करतं. पावसाळाभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीला याचा त्रास होतोच. तेव्हा इथेनॉल साथीदार आहे, नाकारत नाही. पण गावातल्या सगळ्या गाड्या त्याच पंपावर भरतात आणि झटके तुमचीच मारते, तर मुख्य आरोपी तुमच्याच गाडीत बसलाय.

तो शोधायला गाडी उघडावी लागत नाही. झटका नेमका कधी येतो, एवढं दोन दिवस बघायचं. गॅरेजात जाऊन "मिसिंग करते" म्हटलं की मेकॅनिक प्लग बदलतो आणि कार्बोरेटर साफ करतो, कारण त्याला त्याहून जास्त माहिती तुम्ही दिलेलीच नसते.

मूठ जरा उघडताना, सिग्नलवरून निघताना अडखळत असेल तर पायलट जेटचा भाग. अर्ध्या मुठीला असेल तर निडलचा, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईचा. पाऊण ते पूर्ण मुठीला असेल तर मेन जेट, किंवा टाकीतून पेट्रोलच पुरेसं खाली येत नाही. अडखळत असताना चोक अर्धा ओढून बघा. गाडी सुधारली तर इंधन कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलं असेल तर हेच होतं. थंड इंजिन आयडलवर ठेवून त्या रबरावर थोडं पाणी फवारा. आवाज बदलला की तडा तिथेच. चोक ओढून गाडी आणखी गुदमरली तर उलट, पेट्रोल जास्त होतंय. मग फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतल्या तरंगत्या गोळ्याची) पेट्रोल अडवणारी पिन, चिकटलेला चोक किंवा मातीने भरलेला फिल्टर बघायचा.

धुतल्यावर किंवा पावसातच मिसिंग होत असेल तर प्लग कॅप आणि वायर बघा, पेट्रोलचा विषयच संपला. गरम झाल्यावरच तुटक चालते आणि थंड झाली की शहाणी होते, तर इग्निशन कॉइलवर संशय घ्या. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, ही क्लच प्लेटची तक्रार. तीही लोक "पिकअप नाही, पेट्रोल खराब" म्हणूनच सांगतात.

आता मामांची गाडी. पंधरा मिनिटं लोण्यासारखी चालायची, मग मरगळायची, बंद पडायची. दोन मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मामांनी तीन पंप बदलले होते. मी एवढंच सांगितलं, "बंद पडली की टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या." फस्स करून हवा आत ओढली गेली. झाकणात हवा आत जायला एक बारीक वाट असते. पेट्रोल खाली उतरलं की तिच्या जागी हवा यायला हवी, नाहीतर टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल अडकून राहतं. मामा दर रविवारी गाडीला पॉलिश करतात. ते मेण त्या वाटेत जाऊन बसलं होतं.

त्या मजकुराबरोबर फिरणाऱ्या बाटलीच्या व्हिडिओबद्दल मला जास्त राग आहे, कारण तो खोटा नाही. त्यात दिसतं ते खरंच घडतं, फक्त अर्थ उलटा लावलाय. 90 मिली पेट्रोलमध्ये 10 मिली पाणी घालून हलवलं आणि स्थिर होऊ दिलं, की खालचा थर 10 मिलीचा न राहता 25 मिलीच्याही वर गेलेला दिसतो. व्हिडिओतला माणूस ओरडतो, बघा, एवढं पाणी आधीच होतं. नव्हतं. 20 टक्क्यांच्या हिशोबाने त्या 90 मिलीत सुमारे 18 मिली इथेनॉल होतं. त्याला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, म्हणून हलवल्यावर ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरलं. ही चाचणी पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का ते दाखवते, आणि ते आहे हे सरकार स्वतःच सांगतंय.

पंपावर गडबड कधीच होत नाही, असं माझं म्हणणं नाही. पण पाणी शोधायचं तर पाणी घालून कसं चालेल? फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सैल करा, निघालेलं पेट्रोल काचेच्या पेल्यात घ्या आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर पाणी आहे. इंजिन थंड हवं आणि जवळपास कुणी विडी ओढत नको, हे सांगायला लागू नये. पंपावर संशय असेल तर तिथे फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचं माप मागता येतं, तो ग्राहकाचा हक्क आहे.

महागातलं पेट्रोल: ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी पेटण्याला इंधन किती विरोध करतं, त्याचा तो आकडा. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या आसपास, त्यामुळे साधं 20 टक्क्यांचं पेट्रोलच आता 95 चं मिळतं, जिथे पूर्वी 91 चं मिळायचं. रोजच्या 100-125 सीसीला त्याहून जास्त काही लागत नाही. तुंबलेला जेट ऑक्टेनने उघडत नाही.

फिल्टर काढायचा सल्ला तर रोग वाढवणारा. मिश्रण लीन झालंय ही तक्रार, आणि उपाय म्हणून आणखी हवा? वर आपल्या रस्त्यांची धूळ सरळ सिलिंडरमध्ये. मेन जेट मोठा केला तरी त्याचं काम मूठ पाऊण उघडल्यावर सुरू होतं. शहरात तेवढी मूठ उघडतोय कोण? सिग्नलवरचा झटका तसाच राहतो, चढावर प्लग मात्र काळा पडतो. आणखी एक, जेट तारेने खरवडू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कधीच सेट होत नाही. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

राहिली इंजेक्शनची गाडी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नवे निकष आले आणि नव्या बाइक बहुतेक सगळ्या इंजेक्शनच्या झाल्या. चावी फिरवा आणि इंजिन चालू न करता ऐका. टाकीतून दोन-तीन सेकंद गाडीच्या इंधन पंपाची गुणगुण यायला हवी. येत नसेल तर फ्यूज आणि कनेक्टर बघा, मरतुकडी येत असेल तर आधी बॅटरी. कमी व्होल्टेजवर पंपाचा दाब पडतो आणि तो झटका हुबेहूब खराब पेट्रोलसारखा वाटतो. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर ते लुकलुकणं मोजा. बऱ्याच गाड्यांत तोच बिघाडाचा कोड असतो आणि त्याचा अर्थ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. टाकी सतत रिझर्व्हवर ठेवून चालवत असाल तर ती सवय सोडा, पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो. त्यानंतर थ्रॉटल बॉडीतला (मुठीने उघडणाऱ्या हवेच्या झडपेवरचा) कार्बन, मग पंपाची जाळी. पंपाची लाइन मात्र घरी सोडवू नका, तिच्यात सुमारे तीन बारचा दाब असतो. इंजेक्टरचा नंबर या सगळ्यांच्या मागे, आणि तिथेही आधी साफ करून बघायचा, बदलायचा नंतर.