पुन्हा निवडून द्या म्हणता, पण कशाच्या बळावर?

आमच्या जिल्हा पत्रकार संघाची निवडणूक जाहीर झाल्यापासून फोनला उसंत नाही. एरवी तालुक्याच्या वार्ताहराचा फोन उचलायला ज्यांना सवड मिळत नाही, ते विद्यमान पदाधिकारी हल्ली सकाळी सातच्या ठोक्याला ‘काय भाऊ, तब्येत कशी आहे’ म्हणून चौकशी करतात, मुलीच्या बारावीच्या निकालाबद्दल आस्थेने विचारतात आणि तिसऱ्या वाक्याला मुद्द्यावर येतात. पॅनल तेच, उमेदवार तेच, घोषणा तेवढी नवी: ‘अपूर्ण कामे पूर्ण करण्यासाठी पुन्हा एक संधी’. कामे अपूर्ण आहेत हे त्यांनी स्वतःच छापले, एवढ्यापुरते त्यांचे आभार मानायला हरकत नाही. मात्र ती अपूर्ण का राहिली आणि मधल्या काळात संघाच्या पैशाचे काय झाले, हे दोन प्रश्न विचारले की समोरचा माणूस ‘भाऊ, तुम्ही विरोधी पॅनलकडून बोलताय का’ असे म्हणून मोकळा होतो. कोणी दुसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा उभे राहावे, त्याला माझा आक्षेप नाही. काम केलेल्या माणसाने पुन्हा मत मागावे, हक्काने मागावे. पण कामाचा कागद न दाखवता मागणे, आणि तेही उधारी वसूल करायला आल्याच्या थाटात, हे आता डोक्यात जाते.

मुळात ही निवडणूक होते आहे तीच पाचव्या वर्षी. संघाच्या घटनेनुसार कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांची आहे. मुदत संपल्यावर कधी करोनानंतरची थकबाकी, कधी लोकसभा, कधी विधानसभा, कधी ‘सदस्य नोंदणी सुरू आहे’ अशी कारणे निघत राहिली. दरम्यान वार्षिक सर्वसाधारण सभा झाल्या, नाही असे नाही. त्या कशा झाल्या हे आमच्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ आहे: गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची, त्या अर्ध्या तासात चहा घ्यायचा, मग त्याच जागी त्याच लोकांनी सभा भरवून मागचे इतिवृत्त, ताळेबंद आणि लेखापरीक्षकाची नेमणूक असे सगळे विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणत उरकायचे आणि सत्काराच्या शाली उघडायच्या. ताळेबंदाची प्रत मागणाऱ्याला सांगितले जाते की ती कार्यालयात पाहायला मिळेल. कार्यालयाची किल्ली कोषाध्यक्षांकडे असते आणि कोषाध्यक्ष नेहमी बाहेरगावी असतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार नवे पदाधिकारी निवडून आले की नव्वद दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. आमच्याकडे मागच्या निवडणुकीचा बदल अर्ज अजून निकाली निघालेला नाही, कारण त्यावर हरकत आहे आणि तारखेला कोणी हजर राहत नाही. मी परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संघाच्या नोंदीचा, उतारा काढून आणला. त्यावर जी नावे विश्वस्त म्हणून आजही आहेत, त्यांतले दोघे हयात नाहीत. ज्यांची नावे सरकारदरबारी लागलेली नाहीत ते पदाधिकारी संघाच्या नावाने धनादेश फाडतात, पत्रकार भवनाच्या तळमजल्यावरचे गाळे भाड्याने देतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत संघातर्फे बसतात. एखाद्या सहकारी सोसायटीत किंवा शिक्षण संस्थेत असला प्रकार सापडला असता तर आमच्यातल्याच कोणी तरी पहिल्या पानावर चार कॉलमची बातमी लावली असती.

आता या पॅनलच्या प्रचारपत्रकाकडे वळतो. गुळगुळीत कागदावरचे चार पानी रंगीत पत्रक आहे, मुखपृष्ठावर पालकमंत्र्यांबरोबरचे छायाचित्र, आणि आत ‘आमच्या कार्यकाळातील ठळक कामगिरी’. त्यात पहिल्याच ओळीत पत्रकार संरक्षण कायद्याचे श्रेय घेतलेले आहे. हा कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये मंजूर केला. त्यासाठी राज्यभरातल्या अनेक संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, धरणी धरली, आणि त्यानंतरही राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो लागू व्हायला २०१९ उजाडले. त्यात या मंडळींचा वाटा काय? एक निवेदन आणि त्या निवेदनाचा फोटो. बरे, कायदा झाला, तर तो वापरायला लावणे हे तरी संघाचे काम होते की नाही? या कायद्यानुसार पत्रकारावरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातला एक तरुण वार्ताहर नदीपात्रात रात्री भरल्या जाणाऱ्या हायवांचे, म्हणजे मोठ्या डंपरांचे, चित्रीकरण करायला गेला. त्याला खाली पाडून मारले आणि त्याचा मोबाइल दगडाने ठेचला. ठाण्यात त्याच्या हातात अदखलपात्र गुन्ह्याची पावती दिली गेली. आम्ही अध्यक्षांना फोन केला, कायद्याचे नाव सांगितले, कलम लावायला लावा म्हणालो. ‘बघतो, बोलतो साहेबांशी’ असे उत्तर आले. त्यांनी बोलणे केले ते असे, की त्याच आठवड्यात संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर छायाचित्र आले: त्याच ठाण्याच्या निरीक्षकांना पुष्पगुच्छ देताना अध्यक्ष, सचिव आणि दोन उपाध्यक्ष. खाली ओळ होती, ‘सदिच्छा भेट’. त्या मुलाने पुढे पत्रकारिता सोडली आणि आता तो मोबाइलच्या दुकानात बसतो. पत्रकात त्याचा उल्लेख नाही, सदिच्छा भेटींचा मात्र आकडा आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आले, तेव्हा याच कार्यकारिणीने काळ्या फिती लावून निषेध केला होता. तो निषेध खोटा होता असे मी म्हणणार नाही. पण कोकणातल्या वार्ताहरासाठी फीत लावणारे हात स्वतःच्या तालुक्यातल्या वार्ताहरासाठी एक अर्ज लिहायला उचलले जात नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी कामगिरी म्हणजे ज्येष्ठ पत्रकारांची सन्मान योजना. बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने राज्य सरकार ही योजना चालवते, तिची रक्कम अकरा हजारांवरून वीस हजार झाली, आणि ती वाढ आम्हीच करून आणली असे पत्रक सांगते. वीस हजार झाले हे खरे आहे आणि चांगले आहे. प्रश्न एवढाच आहे की आमच्या जिल्ह्यातल्या किती तालुका वार्ताहरांना ते मिळतात. अटी काय आहेत, तर ठरावीक वय पूर्ण आणि पत्रकारितेतली ठरावीक वर्षे, त्याचे पुरावे जोडून. आता ज्या माणसाने आयुष्यभर कॉलमच्या मापाने मानधन घेतले, पंधरा ऑगस्ट आणि दिवाळीच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करून त्यांच्या कमिशनवर घर चालवले, ज्याला मालकाने कधी नियुक्तिपत्र दिले नाही, त्याने पगाराची चिठ्ठी आणायची कुठून? आमचे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, गोणपाटात बांधून कात्रणे घेऊन आले होते. १९८०च्या दशकातल्या दुष्काळाच्या बातम्या, खिळ्यांच्या छपाईतली, कडा तुटलेली, प्रत्येकीखाली त्यांचे नाव. ज्या दैनिकात त्या छापल्या ते दैनिक बंद पडले, संपादक वारले, दाखला देणारे कोणी उरले नाही. संघाने करायचे होते ते इतकेच, की अशा बंद पडलेल्या वृत्तपत्रांच्या वार्ताहरांची कात्रणे पुरावा म्हणून धरावीत, यासाठी जिल्हा माहिती कार्यालयामार्फत प्रस्ताव पाठवायचा आणि त्याचा पाठपुरावा करायचा. अण्णांची गोणी अजून संघाच्या कार्यालयात, कॅरम बोर्डाच्या मागे पडलेली आहे. त्यांना प्रचाराचा फोन मात्र आला. ‘अण्णा, आशीर्वाद असू द्या.’

जे पत्रकात नाही त्याबद्दलही बोलले पाहिजे. वृत्तपत्रांतल्या पगारांसाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरवल्या, आणि आमच्या जिल्ह्यातल्या उपसंपादकांना त्यानुसार पगार मिळतो का, हे विचारायची या कार्यकारिणीची एकदाही हिंमत झाली नाही. श्रमिक पत्रकारांसाठीचा १९५५चा स्वतंत्र कायदा २०२०च्या कामगार संहितेत विलीन झाला, त्यावर साधे एक चर्चासत्र झाले नाही. कारण उघड आहे. कार्यकारिणीतले निम्मे लोक साप्ताहिकांचे मालक आहेत किंवा जाहिरात एजन्सीचे चालक, आणि उरलेल्यांतले काही आवृत्तीप्रमुख आहेत, ज्यांचे काम मालकाच्या वतीने पगार देणे टाळणे हे आहे. रेल्वेतली पत्रकारांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे, तिच्याबद्दल ‘पाठपुरावा सुरू आहे’ असे पत्रकात लिहिले आहे. तो कोणाकडे, कोणत्या तारखेच्या पत्राने सुरू आहे, तेवढे छापायला जागा पुरली नसावी.

या सगळ्यानंतर ही माणसे निवडून येतात कशी, याचे उत्तर मतदारयादीत आहे. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी कोणी तरी एकरकमी पैसे भरून ढीगभर सदस्यांची थकीत वर्गणी चुकती करतो आणि तेवढी नावे यादीत येतात. ज्यांचा अंक फक्त सरकारी जाहिरातीचे देयक लावायच्या आठवड्यात निघतो असे साप्ताहिकवाले त्यात आहेत, त्यांच्या सौभाग्यवती आहेत, एका पक्षाचा तालुकाध्यक्षही आहे. याउलट वाहिनीसाठी बातमीमागे पैसे घेऊन रोज उन्हातान्हात फिरणाऱ्या मुलींचे सदस्यत्वाचे अर्ज ‘छाननीत’ आहेत. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मावळत्या अध्यक्षांचे वकील मित्र नेमले आहेत, आणि मतदारयादीची प्रत हवी असेल तर पाचशे रुपये मोजावे लागतात.

एवढे करूनही यांना निवडणूक नकोच असते, त्यांना बिनविरोध हवे असते. ‘आपण सगळे भाऊ-भाऊ, बाहेर शोभा कशाला’ म्हणत आमदारांचा फोन येतो. विरोधात अर्ज भरलेल्या दोघांना त्यांच्याच संपादकांनी बोलावून माघार घ्यायला सांगितले, कारण अध्यक्षांमार्फत येणारी पुरवणीची जाहिरात दोन्ही दैनिकांना हवी आहे. एकाने माघार घेतली. दुसरी अजून रिंगणात आहे, आणि तिच्याविषयी कार्यालयाच्या पायरीवर बसून जे बोलले जाते ते इथे लिहिण्याच्या लायकीचे नाही. महिला प्रतिनिधीची एक राखीव जागा आहे ना, मग सर्वसाधारण जागेवर हिला कशाला उभे राहायचे, असा यांचा सभ्य भाषेतला युक्तिवाद आहे.

मी लेखी अर्ज दिला आहे. मागच्या कार्यकाळातले लेखापरीक्षण अहवाल, गाळ्यांचे भाडेकरार आणि कार्यकारिणीच्या बैठकांना कोण किती वेळा हजर होते त्याची नोंदवही, एवढे मतदानापूर्वी सदस्यांना पाहायला ठेवावे अशी मागणी त्यात आहे. सदस्य म्हणून तो माझा हक्क आहे. काल सचिवांचे उत्तर आले, संघाच्या शिक्क्यासह: ‘निवडणूक आचारसंहिता लागू असल्याने सदर माहिती देता येत नाही.’ ही आचारसंहिता कोणत्या नियमात आहे, असा दुसरा अर्ज आज टाकला आहे, आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय पायरी उतरलो नाही.