‘दान करा, दामदुपटीने घ्या’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय की ज्यू लोक कमाईचा दहावा हिस्सा दान करतात, कारण त्यांचा देव तो दामदुपटीने परत करतो; त्यांच्याकडे पुण्य म्हणजे गुंतवणूक; आणि दया फक्त आपल्या माणसांपुरती.

पहिला दावा हवेतून आलेला नाही. हिब्रू बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकात देव स्वतःच म्हणतो, दशमांश आणा आणि माझी परीक्षा पाहा. तल्मूद या ज्यूंच्या धर्मचर्चांच्या ग्रंथातले रब्बी, म्हणजे धर्मपंडितही, शब्दांशी खेळतात: ‘दशमांश दे’ आणि ‘श्रीमंत हो’ हे हिब्रूत जवळपास सारखेच लिहिले जातात. मजकूरवाल्याने इथवर ऐकलं आणि पुस्तक मिटलं.

मिटलं नसतं तर तल्मूदच्या किद्दुशीन भागातल्या गोष्टीतला मुलगा त्याला भेटला असता. तोराहने, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाने, दीर्घायुष्याचं वचन दिलेल्या आज्ञांपैकी दोन अशा: आईवडिलांचा मान राखणं, आणि घरट्यातली पिल्लं घेण्याआधी त्यांच्या आईला उडवून लावणं. वडील म्हणतात, वर चढ, पिल्लं आण. पोरगा चढतो, आधी पक्षिणीला उडवतो, मग पिल्लं घेतो, आणि उतरताना पडून मरतो. दोन्ही आज्ञा एका दमात पाळल्या, मग आयुष्य गेलं कुठे? रब्बी याकोव्ह म्हणतात, सत्कर्माचं फळ या जगात नाहीच. चर्चेत पुढे शिडी मोडकी होती असंही निघतं. जिथे धोका समोर दिसतो तिथे चमत्काराच्या भरवशावर राहू नये. याकोव्हांचे आजोबा एलीशा बेन अबूया असंच काही पाहून श्रद्धा गमावून बसले, असं एक मत तल्मूदनेच नोंदवलंय. दामदुपटीची हमी देणारा धर्म असली गोष्ट कशाला जपेल?

‘फक्त आपल्यांपुरती’ हे तर चटकन निकालात निघतं. तल्मूदच्या गित्तीन भागात स्पष्ट आहे: सलोख्यासाठी परधर्मीय गरिबांनाही पोसा, त्यांच्या आजाऱ्यांना भेटा. पुणेकरांना लांब जायला नको. ससून रुग्णालय बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं.

उरली गुंतवणूक. सोखोचे अँटिगोनस हे प्राचीन ज्यू पंडित बजावून गेले की बक्षिसाच्या आशेने मालकाची चाकरी करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका. लगेच ‘मा फलेषु’ म्हणून टाळी देऊ नका, कारण ‘माझा मुलगा जगावा म्हणून हे नाणं दान’ म्हणणाऱ्यालाही तल्मूद पुरता सज्जन ठरवतं. हेतू कसाही असो, गरिबाच्या हातात नाणं पडलं, असा मी त्याचा अर्थ लावतो. दानाला शब्दच आहे ‘त्सदाका’, न्यायाच्या मुळातून आलेला. बाराव्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझने दानाच्या 8 पायऱ्या लावल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देणं, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये.

दानाहून थोर मानलीय ती अंगमेहनतीची सेवा, कारण ती श्रीमंताचीही करता येते आणि मेलेल्याचीही. प्रेताच्या सेवेला ‘खरी दया’ म्हणतात, कारण मेलेला माणूस फेड करत नाही. हेवरा कदीशाची, म्हणजे अंत्यसंस्काराची सेवा करणाऱ्या ज्यू मंडळाची, माणसं देह धुतात, साधी पांढरी वस्त्रं चढवतात. श्रीमंत असो की गरीब, वस्त्रं तीच. आणि मृताला नावाने हाक मारून, आमच्या हातून काही कमी पडलं असेल तर माफ कर, अशी क्षमा मागतात.