‘पूर्ण ऑटोमॅटिक मशीन, ९८ टक्के पिल्लं हमखास’: मेसेज एक, गफलती अनेक

गावरान कोंबडीपालनाच्या ग्रुपांवर बारमाही फिरणारा एक मेसेज आहे. मजकूर थोडाफार बदलतो, मुद्दे तेच. अंडी उबवायची पूर्ण ऑटोमॅटिक मशीन घ्या, ९८ टक्के पिल्लं हमखास. डिस्प्लेवर ३७.५ अंश तापमान दिसलं की बास. अंड्यांवर रोज पाणी शिंपडा. अंडी लावा आणि २१ दिवस विसरून जा. इन्व्हर्टर नसेल तर नादाला लागू नका, लाइट गेली की सगळी अंडी वाया. आणि घ्यायचीच तर मोठी मशीन घ्या. घरी वीस-पन्नास अंडी उबवू पाहणारा यावर विसंबून पैसे घालतो आणि पहिल्याच खेपेला मशीनला शिव्या देतो. म्हणून एकेक दावा तपासू.

‘९८ टक्के पिल्लं हमखास’

कशाचे ९८ टक्के? समजा १०० अंडी लावली, सातव्या दिवशी टॉर्चवर धरून बघितल्यावर १५ वांझ निघाली आणि उरलेल्या ८५ पैकी ७० फुटली. लावलेल्या अंड्यांवर हिशेब ७० टक्के येतो, फलित अंड्यांवर ८२. विक्रेता दुसरा आकडा बोलतो, गिऱ्हाईक पहिला समजून बसतं. घरच्या मशीनमध्ये लावलेल्या अंड्यांवर ७०-७५ टक्के निघाले तर तो उत्तम निकाल समजावा.

शिवाय निम्मा निकाल अंडी मशीनमध्ये जाण्याआधीच लागलेला असतो. आठ-दहा माद्यांमागे एक नर नसेल तर वांझ अंडी वाढतात. दुकानातली पांढरी अंडी नर न ठेवता फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या लेअर कोंबड्यांची असतात, ती लावण्यात अर्थ नाही. अंडी सात दिवसांच्या आतली घ्या, निमुळतं टोक खाली करून १५ ते १८ अंशांच्या आसपास ठेवा. घरचा फ्रिज त्याहून बराच थंड असतो. फार मळलेलं अंडं धुऊन लावण्यापेक्षा खाऊन टाकलेलं बरं, कारण धुतलं की टरफलावरचा संरक्षक थर जातो आणि जंतूंना छिद्रं मोकळी मिळतात. गाडीतून हिंदकळत आलेली अंडी लावण्याआधी एक दिवस स्थिर ठेवा.

‘डिस्प्लेवर ३७.५ दिसलं की बास’

सगळ्यात महागात पडणारी गफलत हीच. डिस्प्ले दशांशात आकडा दाखवतो म्हणून तो बरोबर असतोच असं नाही. एका अंशानं चुकलेला सेन्सरही ३७.५ ऐटीत दाखवतो. तापमान सतत जास्त राहिलं तर पिल्लं एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच फुटतात आणि बेंबी न मिटलेली निघतात. कमी राहिलं तर बाविसावा-तेविसावा दिवस उजाडतो, पिल्लं सुस्त, पोट मोठं नि मऊ.

पडताळणीसाठी घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर पुरतो, नेमक्या याच पट्ट्यात तो भरवशाचा असतो. थर्मासमध्ये साधारण ३८ अंशांचं कोमट पाणी घ्या. त्यात तापाच्या थर्मामीटरचं टोक आणि मशीनचा वॉटरप्रूफ सेन्सर शेजारी-शेजारी बुडवून दोन-तीन मिनिटं थांबा. फरक येईल तेवढी दुरुस्ती थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या सर्किटमध्ये, भरा. बाजारात सर्रास मिळणाऱ्या डब्ल्यू १२०९ सर्किटमध्ये ती ‘पी ४’ या सेटिंगमध्ये भरतात. त्याच सर्किटमध्ये ‘पी १’ हा चालू-बंद होण्यातला फरक असतो आणि तो कारखान्यातून २ अंशांवर येतो. तो ०.२ किंवा ०.३ वर आणला नाही तर मशीन दोन अंशांचे हेलकावे खात राहते. घरगुती पेट्यांमधला अर्धा गोंधळ इथेच असतो आणि विकणारा हे क्वचितच सांगतो.

सेन्सर बाहेर निघत नसेल तर दुसरा एखादा साधा थर्मामीटर त्याच पाण्यात पारखून घ्या आणि मशीनमध्ये ठेवा. अंडी न लावता मशीन ४८ तास रिकामी चालवा. चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागी, अंडी असतील त्या उंचीवर नोंद घ्या. दोन जागांत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पंखा कमी पडतोय किंवा चुकीच्या जागी आहे. बिनपंख्याच्या पेटीचा हिशेबच वेगळा: हवा थरांत राहते, म्हणून अंड्यांच्या माथ्याशी ३८.३ ते ३८.९ अंश ठेवावे लागतात. तीच पेटी ३७.५ वर चालवली तर अंड्याच्या खालच्या बाजूला ऊब अपुरी पडते.

आणखी एक गोष्ट बघूनच मशीन घ्या. थर्मोस्टॅटमधल्या रिलेचे, म्हणजे हीटरचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट कधीकधी चिकटतात, मग हीटर बंदच होत नाही. हीटरच्या वायरमध्ये ३८.५ ते ३९ अंशांवर तोडणारा दुसरा, स्वतंत्र थर्मोस्टॅट असेल तर अंडी वाचतात. हा सुटा भाग नंतरही इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेता येतो.

‘अंड्यांवर रोज पाणी शिंपडा’

असा सल्ला बदकाच्या अंड्यांसाठी देतात. कोंबडीच्या अंड्याला उलट वजन घटवायचं असतं: अठराव्या दिवसापर्यंत मूळ वजनाच्या ११ ते १३ टक्के. ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पूर्ण ट्रे तोलला की कळतं. घट कमी असेल तर आर्द्रता जास्त आहे, हवेची पोकळी लहान राहून पिल्लू आतच गुदमरतं. घट जास्त असेल तर टरफलाच्या आतला पडदा चामड्यासारखा वाळून पिल्लाला जखडतो.

पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता पुरते. आता जागेचा फरक बघा. कोकणात जुलैमध्ये खोलीत २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांना तापल्यावर ४७ टक्क्यांवर येते. म्हणजे पाण्याची वाटी जवळपास नकोच. विदर्भात एप्रिलच्या दुपारी बाहेरची ४० अंश, १५ टक्के हवा थंड खोलीतून ३७.५ अंशांच्या मशीनमध्ये आली तरी १७-१८ टक्क्यांच्याच घरात असते; तिथे पसरट ताट आणि ओला स्पंज दोन्ही लागतात. पाण्याची खोली वाढवून उपयोग नाही, आर्द्रता पृष्ठभागावर ठरते. आणि मशीन फक्त तापवू शकते, थंड करू शकत नाही. खोलीच ३८ च्या वर गेली तर थर्मोस्टॅट हातावर हात ठेवून बसतो. मे महिन्यात पत्र्याखाली मशीन ठेवू नका.

आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर तपासायचा असेल तर बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंबभर पाण्यानं चिखलासारखं करा, हायग्रोमीटरसोबत हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवेत.

‘२१ दिवस विसरून जा’

अंडी फिरली की नाही हे मोटारचा आवाज सांगत नाही. पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि पहिले दोन दिवस डोळ्यांनी बघा. अंडी फिरवणाऱ्या रोलरमधलं अंतर मोठ्या लेअर अंड्यांच्या मापाचं असलं तर ४० ग्रॅमचं गावरान अंडं मध्ये रुतून जागीच घसरतं. पहिल्या आठवड्यात अंडं फिरलं नाही तर गर्भ पडद्याला चिकटतो. झुलता ट्रे असेल तर दोन्हीकडे ४५ अंश झुकायला हवा.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद, अंडी जाळीवर आडवी, आर्द्रता ६५ ते ७०, हवेची छिद्रं पूर्ण उघडी. त्यानंतर झाकण उघडायचं नाही. पहिल्या टोचणीपासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. या वेळात टरफल सोलून ‘मदत’ केली की पडद्यातल्या रक्तवाहिन्या फाटतात. फुटलेली पिल्लं पोटातल्या बलकावर दिवसभर आरामात तग धरतात.

‘लाइट गेली की सगळी अंडी वाया’

खुडूक कोंबडीही रोज दाणापाण्याला उठतेच. दोन-तीन तास अंडी गार झाली तर गर्भाची वाढ मंदावते आणि पिल्लं थोडी उशिरा येतात, बस. याउलट ४०.५ अंशांत अर्धा तासही घातक ठरतो. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतः उष्णता देतो, म्हणून उन्हाळ्यात लाइट गेल्यावर पेटीला गोधडी गुंडाळून छिद्रं बुजवू नका. ६०-८० वॅटचा हीटर घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो. असला तर बरं, नसला तर अडत नाही.

‘घ्यायचीच तर मोठी मशीन घ्या’

दहा गावरान कोंबड्या आठवड्यात तीस-पस्तीस अंडी देतात. दोनशेची मशीन भरायला मग पंधरा-वीस दिवसांची शिळी अंडी साठवतात, नाहीतर रोजची अंडी रोज आत सरकवतात. दुसऱ्या प्रकारात एका अंड्याला ५० टक्के आर्द्रता हवी, शेजारच्याला ७०. खोक्यावर छापलेला आकडा लाव्ह्याच्या छोट्या अंड्यांचा तर नाही, तेही विचारा. शंभर पक्षी एकदाच करायचे असतील तर मशीनच नको. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, तिथे एक दिवसाच्या पिल्लांची आगाऊ नोंदणी करावी.

थर्माकोल की प्लास्टिक, हा वाद दुय्यम आहे. थर्माकोल ऊब छान धरतो, पण खेपेनंतरची लव आणि घाण त्याच्या भेगांतून निघत नाही. आतून गुळगुळीत, पुसता येणारी पेटी बरी. दुकानात झाकण उघडायला लावा आणि पंखा, थर्मोस्टॅट, फिरवणारी मोटार सुटी मिळते का ते विचारा. पंखा साधा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरवाला असेल तर तो तालुक्याच्या गावातही मिळतो. सगळं एकाच सीलबंद बोर्डवर असेल, तर अकराव्या दिवशी बिघडलेली मशीन कुरियरनं कंपनीकडे पाठवत बसावं लागतं.