बॉक्सचा स्क्रू आणि जड स्टेअरिंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

ट्रॅक्टरचं स्टेअरिंग जड झालं तर ग्रीस मारा, स्टेअरिंग बॉक्सच्या स्क्रूला हात लावू नका, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावर दादा, तुम्ही लिहिलंय, "ग्रीस मारा, ग्रीस मारा म्हणून कुणाचं स्टेअरिंग हलकं झालंय काय? माझ्या जुन्या ट्रॅक्टरच्या बॉक्सचा स्क्रू फिटरनं दोन आटे सैल केला, आता एका बोटानं फिरतंय. त्या स्क्रूला हात लावू नका म्हणून उगं घाबरवू नका. आणि पॉवरवाल्यांनी काय करायचं, त्यावर एक ओळ नाही."

पॉवरचं शेवटी बघू. स्क्रूचं मात्र मी परत तेच सांगणार.

स्टेअरिंग हलकं करणं हे त्या स्क्रूचं कामच नव्हे. बॉक्समध्ये वर्मवर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या आट्यांवर, गोळ्यांवरून सरकणारा नट असतो आणि त्याचे दात ड्रॉप आर्मच्या (बॉक्सबाहेरून चाकांकडं ओढ पोचवणाऱ्या दांड्याच्या) शाफ्टच्या दातांत बसतात. ते किती जवळ बसायचे, एवढंच स्क्रू ठरवतो. चाकं सरळ असताना ही बसणी सगळ्यात घट्ट ठेवलेली असते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. झीजही तिथंच जास्त होते. स्क्रू सैल केला की नेमका तिथं प्ले, म्हणजे चाक न वळता स्टेअरिंग नुसतंच फिरणं, वाढतो. तुमच्या बोटाला लागणारा हलकेपणा हा चाक वळायच्या आधीचा आहे. आधीच्या मालकानं प्ले काढायला स्क्रू गच्च आवळून ठेवला असेल, तर तुमच्या फिटरचं बरोबर. नसेल तर दोन भरलेल्या ट्रॉल्या मागं लावून पुणे-बंगळूर हायवेला लागल्यावर गाडी सरळ ठेवायलाच घाम फुटेल. चाकं सरळ करून एकाला पुढच्या चाकाजवळ बसवा आणि स्टेअरिंग सावकाश हलवा. टायर हलायच्या आत स्टेअरिंग वीतभर फिरलं, तर उसाच्या खेपा थांबवा आणि प्ले बॉक्समध्ये आहे की दांड्यांच्या बॉल जॉइंटमध्ये ते आधी शोधा.

आता ग्रीस. ग्रीस मारून उपयोग होत नाही ही तुमची तक्रार अनेकांची असते, आणि त्याचं कारण बहुधा एकच: गाडी जमिनीवर उभी ठेवून ग्रीस मारलेलं असतं. पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती किंगपिन; पुढचा सगळा भार तिच्या थ्रस्ट बेअरिंगवर दाबून बसलेला असताना तिथं ग्रीस शिरणार कसं? ते वाट मिळेल तिकडून, बहुतेक वरूनच, बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं भरलं. मागच्या चाकांना अडवायला उटी लावा, पुढची बीम (ॲक्सल) जॅकवर घ्या, खाली लाकडी ठोकळे द्या, मग पंप मारा आणि मारताना चाक डावी-उजवीकडं फिरवत राहा. तरी जात नसेल तर ग्रीस भरायचं निप्पल काढून भोक तारेनं आणि डिझेलनं साफ करा. जुनं ग्रीस आत साबणासारखं घट्ट झालेलं असतं. कोल्हापूरच्या गगनबावडा, राधानगरीकडं भाताच्या चिखलणीत चालणाऱ्या गाड्यांचे सील लवकर जातात. तिथं बुशच बदलावे लागतात. कोल्हापुरात उद्यमनगरात ते लेथवर करून मिळतात, पण पिन झिजली असेल तर नुसता नवा बुश घालून पैसे घालवू नका.

गाडी जॅकवर आहेच, तर खरी परीक्षा तेव्हाच करा. चाकं उचललेली असताना स्टेअरिंग हलकं फिरलं, तर दोष भाराशी जोडलेला आहे: टायरची हवा, थ्रस्ट बेअरिंग, किंवा पुढं लावलेली वजनं. उचलूनही जड असेल तर ड्रॉप आर्मपासून ड्रॅगलिंक (तिथून चाकाकडं जाणारा दांडा) सोडवा. आता चाकं हातानं वळवा आणि स्टेअरिंग वेगळं फिरवा. चाकं जड, तर किंगपिन किंवा टायरॉडचे (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) जॉइंट. स्टेअरिंग जड, तर बॉक्स किंवा कॉलमचा (स्टेअरिंगखालच्या नळीचा) बुश. अर्ध्या तासाचं काम आहे. याच्या आधी बॉक्स उघडायला निघालेल्या फिटरला मी तरी चहा पाजून परत पाठवीन.

टायरचं आणि वजनाचं थोडक्यात. ६.००-१६ च्या जागी ७.५०-१६ टायर चढवले, वर जाड बंपर आणि हंगाम संपला तरी न उतरवलेली वजनं, मग स्टेअरिंग जड होणारच. दिसायला गाडी नाद खुळा, पण दंड आपले भरून येतात.

गाडी जुनी घेतलेली आहे म्हणून एक विचारतो: ती २०१९ च्या ऑगस्टात किंवा २०२१ च्या जुलैत पुरात उभी होती का? शिरोळ, हातकणंगले, करवीर भागातून विकत घेताना हे विचारायलाच हवं. बॉक्सचा फिलर प्लग काढून तेल बघा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. बॉक्स खोलून बेअरिंगचा गंज बघावा लागतो, आणि इथं मात्र फिटर हवाच.

पॉवर स्टेअरिंगवाल्यांसाठी: इंजिन बंद असताना ते जड असणारच, त्याला दोष समजू नका. स्लोवर जड आणि रेस वाढवली की हलकं, तर पंपावर संशय घ्या. एकाच बाजूला जड, तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह. झटके देत फिरतंय आणि टाकीत फेस आहे, तर तेल कमी आहे किंवा सक्शनच्या पाइपातून हवा ओढली जातेय. सकाळी ठीक आणि तेल तापल्यावर जड, तर आतून गळती. पण यातलं काहीही धरण्याआधी तेलाची पातळी आणि फिल्टर बघा. आणि किंगपिन तिथंही सुकतातच. पॉवर असल्यामुळं ते हाताला कळत नाही इतकंच.

ड्रॅगलिंक सोडवून काय जड निघालं ते कळवा, त्यावरून पुढचं सांगतो. परत बसवताना जुनीच स्प्लिट पिन सरळ करून घालू नका, नवी घाला.